उजव्या फुफ्फुसाचा वरचा खंड: तीन तोंडं आणि त्यांच्या खोड्या

फुंकर
एमबीबीएसला हा विषय तीन शब्दांत उरकतात: एपिकल, पोस्टेरियर, अँटेरियर. तोंडी परीक्षेत तेवढ्यावर सुटकाही होते. मी भूलतज्ज्ञ आहे. आमचा, छातीवाल्यांचा आणि आयसीयूवाल्यांचा निम्मा जीव या एका इंचभर जागेत अडकलेला असतो, म्हणून हा धागा. डॉक्टर नसलेल्यांनीही वाचा, अडेल तिथे विचारा.

आधी पत्ता. श्वासनलिका छातीत चौथ्या-पाचव्या मणक्याच्या आसपास दुभंगते. दुभंगाच्या त्या धारेला कॅरिना म्हणतात. डावा मुख्य ब्राँकस (ब्राँकस म्हणजे फुफ्फुसात शिरणारी हवेची नळी) साधारण ५ सेंमी लांब आणि बराच आडवा. उजवा रुंद, आखूड आणि जास्त उभा, त्यामुळे शेंगदाणा असो की श्वासासाठी घातलेली, खोल गेलेली ट्यूब, सरळ उजवीकडे जाते. उजवा ब्राँकस २ ते २.५ सेंमी जातो न जातो तोच त्याच्या बाहेरच्या भिंतीतून वरच्या खंडाचा ब्राँकस जवळजवळ काटकोनात फुटतो. हा जेमतेम १ सेंमीचा. लगेच त्याच्या तीन शाखा होतात. खाली उरतो तो ब्राँकस इंटरमीडियस, तो मधल्या आणि खालच्या खंडाकडे जातो.

या फाट्याच्या वरून अझायगस शिरेची कमान जाते आणि फुफ्फुसाची धमनी त्याच्या खालून. बाकी सगळे लोबचे, म्हणजे खंडांचे, ब्राँकस धमनीच्या खाली, हा एकटाच वर. क्रिस्टोफ एबी या शरीररचनाशास्त्रज्ञाने १८८० मध्ये याला ‘एपआर्टेरियल’ म्हटलं, ते नाव अजून टिकून आहे.

आता तीन शाखा. बी१ म्हणजे एपिकल, सरळ वर, हासळीच्या मागे डोकावणाऱ्या टोकाकडे. बी२ पोस्टेरियर, मागे-बाहेर आणि थोडी वर. बी३ अँटेरियर, पुढे आणि किंचित खाली. प्रत्येकीचे पुढे दोन-दोन फाटे. बी२ चा बाहेरचा आणि बी३ चा बाहेरचा फाटा मिळून काखेच्या बाजूचा भाग सांभाळतात. तो ‘अॅक्सिलरी’ भाग लक्षात ठेवा, खाली लागणार आहे.

नवीन मुलं स्कोप (श्वासनलिकेत घालायची कॅमेऱ्याची नळी) घालतात आणि तीन तोंडं दिसली की मोजायला लागतात, एक, दोन, तीन. कुठून सुरू करायचं हेच ठरलेलं नसतं! उजवा ब्राँकस दिसला की मनगट घड्याळाच्या दिशेने पाव फेरा फिरवा म्हणजे फाटा पडद्यावर वर येतो. मग अंगठ्याने लिव्हर खाली दाबून टोक वर वळवा आणि आत जा. या पद्धतीने गेलात तर वर एपिकल, उजव्या हाताला पोस्टेरियर, डाव्या हाताला अँटेरियर. तुम्ही तेव्हा पेशंटचा उजवा कुशीकडचा भाग बघत असता, म्हणून उजवा हात म्हणजे त्याची पाठ. टोक खाली वळवून शिरलात तर सगळं उलटं. आकडा आधी आणि दिशा नंतर, असं या खंडात चालत नाही. दिशा कळली की नाव आपोआप येतं.

आमच्या कामात ही तीन तोंडं फार उपयोगी. एक फुफ्फुस बंद करून दुसरं चालवायचं असतं तेव्हा डबल ल्युमेन ट्यूब घालतात. ती बसवल्यावर श्वासनलिकेच्या बाजूच्या नळीतून स्कोप उजवीकडे घालायचा. फाट्यात शिरताच तीन तोंडं मर्सिडीजच्या चिन्हासारखी दिसली की आपण खरोखर उजवीकडे आहोत. झाडात दुसरीकडे अशी ठसठशीत तिघांची बैठक सहसा मिळत नाही. शक्य तिथे डाव्या बाजूची ट्यूब वापरतात त्याचंही कारण हाच फाटा. उजव्या बाजूची ट्यूब बसवताना तिच्या कफवरची (ट्यूबभोवतीचा फुगा, खोकल्यातला कफ नव्हे) खिडकी नेमकी या तोंडासमोर यावी लागते आणि इथे जागा सेंटिमीटरातच आहे.

---

मधला_बाक
मॅडम, जबरदस्त. दुसऱ्या वर्षाला आहे. ते मनगट फिरवण्याचं आजवर कुणी सांगितलं नव्हतं. एक शंका: आमच्या एका पुस्तकात बी२ अँटेरियर आहे आणि बी३ पोस्टेरियर. छपाईची चूक?

---

काळी_फिल्म
चूक नाही. ही दोन घराण्यं आहेत. अमेरिकेत जॅक्सन आणि ह्यूबर यांनी १९४३ मध्ये सेगमेंटना, म्हणजे खंडाच्या या तुकड्यांना, नावं दिली, आकडे नव्हते. मग शरीररचनाशास्त्रज्ञ बॉयडनने आकडे घातले आणि त्यात बी२ अँटेरियर, बी३ पोस्टेरियर. जपानी पद्धतीत आणि आज बहुतेक ठिकाणी बी२ पोस्टेरियर. त्यामुळे मी सीटीच्या रिपोर्टात नुसता आकडा कधीच लिहीत नाही, ‘पोस्टेरियर सेगमेंट’ असं पूर्ण लिहितो. सर्जनने चुकीचा तुकडा काढायला एवढंच पुरतं.

धागाकर्तीशी एका बाबतीत मतभेद. मर्सिडीजचं चिन्ह गोंडस आहे, पण सगळ्यांकडे मर्सिडीज नसते. मी सीटी बघतो तेव्हा तिघं एकाच जागी फुटलेली बरीच दिसतात, तरी जोडीनं फुटणारीही पुष्कळ. एपिकल आणि अँटेरियर एका खोडातून, पोस्टेरियर वेगळी. किंवा एपिकल-पोस्टेरियर एकत्र. कधी पोस्टेरियर-अँटेरियर एकत्र. बॉयडन आणि स्कॅनेल यांनी १९४८ मध्ये फक्त या एका खंडाची ५० फुफ्फुसं सोलून बघितली ती याच कारणाने, एक नमुना सगळ्यांना लागू पडत नाही म्हणून. नवख्याला दोनच तोंडं दिसली की तो घाबरतो किंवा तिसरं शोधायला नको तिथे ढोसतो. दोन तोंडं म्हणजे बिघाड नव्हे, थोडं पुढे जा, त्यातलं एक दुभंगेल.

---

फुंकर
@काळी_फिल्म, मान्य. ‘तीन तोंडं’ ही ओळख आहे, ती नसली म्हणजे डावीकडे आहात असा अर्थ नाही. तेव्हा कॅरिनापर्यंत मागे या आणि भिंत बघा. पुढच्या भिंतीला कूर्चेच्या कड्या असतात, मागच्या बाजूला नुसता पडदा आणि त्यावर उभ्या रेषा. त्यावरून पुढचं-मागचं कळतं, मग डावं-उजवं आपोआप.

---

काळी_फिल्म
सीटीवाल्यांसाठी भर घालतो. आडव्या कापांमध्ये वरून खाली येताना एपिकल शाखा गोल भोकासारखी दिसते, कारण ती उभी आहे. जरा खाली आलं की तिचं भोक मूळ फाट्यात विरतं आणि तिथून अँटेरियर शाखा कापाच्याच पातळीत लांबट नळीसारखी पुढे जाताना दिसते. पोस्टेरियर मागे-बाहेर, तिरकी. साध्या एक्स-रेत गंमत उलटी: अँटेरियर शाखा आपल्याकडे तोंड करून असते म्हणून हायलमजवळ (फुफ्फुसात नळ्या आणि रक्तवाहिन्या शिरतात ती जागा) बारीक कडं दिसतं आणि शेजारी तेवढ्याच आकाराचा ठिपका, ती धमनी. कड्याची भिंत जाड दिसली तर पाणी भरल्याची किंवा सूज आल्याची शंका घ्यायची. मी रोज आधी ते कडं शोधतो.

---

देवगडची
मी डॉक्टर नाही. बाबांच्या सीटीत ‘राइट अप्पर लोब पोस्टेरियर सेगमेंटमध्ये कॅव्हिटी’, म्हणजे पोकळी, असं आलंय. डॉक्टरांनी थुंकी तपासायला पाठवली आहे. नेमकं हेच ठिकाण का, हे समजून घ्यायचंय.

---

फुंकर
देवगडची, आधी एवढं सांगते की जागेवरून निदान होत नाही, अंदाज होतो. निदान थुंकीतूनच, तेव्हा सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या क्षयाच्या चाचण्यांचा जो रिपोर्ट यायचाय तो येऊ दे.

तरी ‘इथेच का’ हा प्रश्न रास्त आहे. मोठ्या माणसात क्षयरोग पुन्हा डोकं वर काढतो तेव्हा वरच्या खंडाचे एपिकल-पोस्टेरियर भाग आणि खालच्या खंडाचा वरचा भाग त्याला आवडतात. कारण म्हणून असं सांगतात: उभं राहिल्यावर फुफ्फुसाच्या टोकाला हवा येते त्या मानाने रक्त कमी, म्हणून तिथे ऑक्सिजन जास्त राहतो आणि क्षयाच्या जंतूला तो भरपूर लागतो. शिवाय त्या भागातली लिंफची धुलाई मंद. फक्त अँटेरियर भागातच डाग असेल तर आम्ही क्षयावर भिस्त न ठेवता बाकीच्या शक्यतांचा, कर्करोगाचाही, जास्त गांभीर्याने विचार करतो.

पोस्टेरियर भागाचं दुसरं कारण वेगळंच असू शकतं आणि ते निव्वळ गुरुत्वाकर्षण आहे. उताणं झोपलेल्या माणसाच्या घशातून काही खाली उतरलं, उलटी, लाळ, दातांतली घाण, तर ते सर्वांत खालच्या तोंडात जाणार. उताण्या स्थितीत खाली तोंड करून असलेल्या पहिल्या शाखा म्हणजे वरच्या खंडाची पोस्टेरियर आणि खालच्या खंडाची सुपीरियर. दारू पिऊन पडलेला, फिट येणारा, शुद्ध हरपलेला माणूस, यांच्या फुफ्फुसातला गळू तिथेच सापडतो. बाबांचे दात कसे आहेत, झोपेत ठसका लागतो का, हे डॉक्टर विचारतील. विचारलं नाही तर तूच सांग.

---

शिवणकाम
छातीचा सर्जन. फुंकरताईंच्या उत्तरात एक पुरवणी. १९४० च्या दशकात लंडनच्या गाईज हॉस्पिटलच्या सर्जन रसेल ब्रॉकने याच गोष्टीचा पिच्छा पुरवला. त्याचा मुद्दा: माणसं उताणीच झोपतात असं नाही, कुशीवरही झोपतात. उजव्या कुशीवर झोपलं की वरच्या खंडाचा ब्राँकस, जो एरवी आडवा बाहेर जातो, तो थेट खाली बघतो. घाण त्यात शिरते आणि तिथून पोस्टेरियर-अँटेरियरच्या बाहेरच्या फाट्यांत, म्हणजे तो वर सांगितलेला अॅक्सिलरी भाग. प्रतिजैविकं नुकती येत होती, गळू बाहेरून उघडावे लागत. कुठल्या शाखेत आहे हे ठाऊक असेल तरच कुठून उघडायचं ते कळणार. आज आपण ज्याला शुद्ध अॅनाटॉमी म्हणतो तिच्यातला बराच भाग अशा पू काढण्याच्या गरजेतून आलेला आहे.

---

थापटणारी
फिजिओ. आमच्याकडे हा खंड नेहमी दुर्लक्षित राहतो. पोश्चरल ड्रेनेज (शरीराची स्थिती बदलून कफ बाहेर काढणं) म्हटलं की नातेवाइकांना वाटतं खाटेचा पायाकडचा भाग उचलायचा. वरच्या खंडासाठी ते अजिबात लागत नाही! ती शाखा वर तोंड करून आहे, पेशंटला उलटं केलं तर कफ उलट आत जाईल.

एपिकलसाठी टेकून बसवा. अँटेरियरसाठी उताणं, सपाट, गुडघ्याखाली उशी. पोस्टेरियर उजवी हवी तर डाव्या कुशीवर, मग तिथून अर्धवट पालथं, छातीशी उशी देऊन. उजवा खांदा वर येतो आणि शाखेचं तोंड खाली. काका-आजोबा ‘असं वाकडं का झोपवता’ म्हणून कुरकुरतात. दहा मिनिटांनी कफ पडला की कुरकुर थांबते. रक्त पडत असेल, बरगडी मोडलेली असेल तर थापटायचं नाही, हे घरी शिकवताना आधी सांगते.

---

मधला_बाक
लहान बाळांमध्येही हाच भाग बसतो (हवा जाऊन आक्रसतो) ना? पोस्टिंगला दोन एक्स-रे बघितले, दोन्हींत उजवा वरचा.

---

काळी_फिल्म
हो. तान्ही बाळं उताणी, दूध वर येतं, नळ्या बारीक, एक चिकट गुठळी पुरते. एक्स-रेत वरच्या आणि मधल्या खंडांमधली आडवी फट वर ओढलेली दिसते. तीच फट मोठ्या माणसात वर ओढलेली दिसली आणि हायलमपाशी गोलसर फुगवटा असला तर उलट्या इंग्रजी ‘एस’ची कड तयार होते. रेडिओलॉजिस्ट रॉस गोल्डनने १९२५ मध्ये ती दाखवली: फाट्याशी गाठ बसली आहे, तिच्या पलीकडचा खंड आक्रसलाय. मोठ्या माणसात हे दिसलं की न्यूमोनियाच्या औषधावर महिनाभर वाट बघू नये, स्कोप करावा.

---

फुंकर
आणि आयसीयूत हा खंड रात्रीत बसला तर आधी ट्यूब किती खोल आहे ते बघा. कॅरिना ओलांडून उजवीकडे गेलेली ट्यूब डावं फुफ्फुस तर बंद करतेच, शिवाय बाजूला असलेलं वरच्या खंडाचं तोंडही झाकते. एक्स-रेत डावीकडे पांढरं आणि उजवीकडे वर पांढरं, हे चित्र बघून ‘दोन्हीकडे न्यूमोनिया’ म्हणून फोन येतात. ट्यूब दोन सेंटिमीटर मागे ओढली की कित्येकदा तासाभरात खंड भरतो.

---

गुरांचा_डॉक्टर
पशुवैद्य आहे, गप्प राहवत नाही. माणसांत जे क्वचित दिसतं ते आमच्याकडे रोजचं. गाय, शेळी, मेंढी, डुक्कर, सगळ्यांचा उजवा वरचा, आमच्या भाषेत क्रेनियल, खंडाचा ब्राँकस थेट श्वासनलिकेतून फुटतो, दुभंगाच्या वरच. घोड्या-कुत्र्यात तसं नाही. माणसात तसा निघाला तर त्याला ‘पिग ब्राँकस’ म्हणतात, डुकराची बदनामी. शेळी-ब्राँकस म्हटलं असतं तरी चाललं असतं.

मधला_बाक, तुला हे हातात घेऊन बघायचं असेल तर मटणवाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेव: बोकडाचं फुफ्फुस नळीसकट, नळी वरूनच कापून ठेव म्हणावं. नाहीतर तो नळी टाकून देतो आणि गंमत तिथेच असते. घरी नळी पाठीकडच्या मऊ बाजूने उभी चिर, कात्री चालते. उजव्या भिंतीत, दुभंगाच्या बोटभर वर, गोल भोक दिसेल. त्यात सायकलच्या व्हॉल्व्हची नळी खुपसून हलकेच फुंक. पुढचा खंड फुलतो आणि बाकीचं फुफ्फुस तसंच पडून राहतं. घरच्यांना आधी सांग, नंतर नको.

---

मधला_बाक
आई म्हणते हे घरात नाही चालायचं, हॉस्टेलवर करा 😀

---

फुंकर
@गुरांचा_डॉक्टर, अगदी. माणसात याचं प्रमाण ०.१ ते २ टक्के सांगतात आणि सँडिफोर्ट या डच शरीररचनाशास्त्रज्ञाने १७८५ मध्येच त्याचं वर्णन केलंय. काहींत आख्खा वरचा खंड त्या नळीवर, काहींत फक्त एपिकल भाग, आणि क्वचित जास्तीची निव्वळ आंधळी पिशवी. बहुतेकांना आयुष्यभर पत्ता लागत नाही. आम्हाला लागतो तो असा: ट्यूब बरोब्बर जागी, कफ बरोब्बर फुगवलेला, तरी उजवा वरचा खंड हवाच घेत नाही. कारण कफ त्या तोंडावरच बसलाय. मुलाला वारंवार त्याच जागी न्यूमोनिया होत असेल तरी हा प्रश्न मनात यायला हवा.

---

काळी_फिल्म
याचा अझायगस लोबशी गोंधळ घालू नका. तो साधारण शंभरात एकाला असतो. गर्भात अझायगस शीर फुफ्फुसाच्या टोकावरून सरकून बाजूला जाण्याऐवजी त्यातून खाली उतरते आणि प्लूराची, म्हणजे फुफ्फुसाच्या आवरणाची, घडी आत ओढते. एक्स-रेत वर बारीक कमानदार रेघ आणि खाली स्वल्पविरामासारखा ठिपका. त्याला ‘लोब’ म्हणतात, पण स्वतःचा ब्राँकस नसतो. रिपोर्टात हा शब्द वाचून पेशंट रडवेले होऊन येतात. काही नाही ते, घरी जा.

---

देवगडची
थुंकीत क्षय निघाला. औषधं सुरू झाली, सरकारच्या निक्षय पोर्टलवर नाव नोंदवलं. सगळ्यांचे आभार. थापटणारी ताई, त्यांना थापटायचं का?

---

थापटणारी
सध्या नको. थुंकीत रक्त येतंय का ते आधी डॉक्टरांना विचार. कफ नीट निघत असेल तर काहीच करायची गरज नाही. दीर्घ श्वास आणि हळू जोर लावून ‘हफ’ करायला शिकव, तेही डॉक्टरांनी हो म्हटल्यावर. मास्क आणि खिडक्या उघड्या हे मात्र आजपासून.

---

शिवणकाम
काळी_फिल्मनी आकड्यांचा मुद्दा काढला होता तो आमच्याकडे आता जास्तच टोचतो. पूर्वी वरच्या खंडात गाठ म्हटलं की आख्खा खंड काढायचा. २०२२ मध्ये जपानच्या मोठ्या चाचणीचे निकाल आले, ११०६ पेशंट, २ सेंमीपर्यंतच्या परिघावरच्या गाठी, आणि नुसता सेगमेंट काढलेल्यांचा पाच वर्षांचा जगण्याचा दर ९४.३ टक्के निघाला, खंड काढलेल्यांचा ९१.१. स्थानिक पातळीवर रोग पुन्हा येण्याचं प्रमाण सेगमेंटवाल्यांत जास्त होतं, हेही विसरू नये.

मग प्रश्न येतो, सेगमेंटची हद्द कुठे? ब्राँकस आणि धमनी सेगमेंटच्या मधोमध जातात, शिरा दोन सेगमेंटच्या सीमेवरून. उजव्या वरच्या खंडात पोस्टेरियर आणि अँटेरियरच्या बेचक्यात मध्यवर्ती शीर असते. ती जपायची, तिच्या कडेने जायचं. धमन्या त्याहून खट्याळ: एपिकल आणि अँटेरियरला वरचं खोड रक्त देतं, पोस्टेरियरला पुष्कळदा फटीतून चढणारी वेगळी धमनी, कधी दोन्हीकडून. म्हणून एकटा पोस्टेरियर सेगमेंट काढणं दिसतं तितकं सोपं नाही. शस्त्रक्रियेआधी सीटीवरून त्रिमितीय नकाशा करून घेतो आणि तरीही ब्राँकस कापण्याआधी त्याला चिमटा लावून भूलतज्ज्ञाला सांगतो, फुगवा.

---

फुंकर
आणि आम्ही विचारतो, कुठला सेगमेंट, नावाने सांगा.

---

मधला_बाक
हॉस्टेलवर केलं. भोक सापडलं. फुंकल्यावर खंड फुलला, पण व्हॉल्व्हच्या नळीच्या कडेने हवा सुटत होती. मित्राने तिथे बोट दाबून धरलं मग जमलं. मेसच्या काकांनी ‘उरलेलं आणा, करून देतो’ म्हटलं.